तिथे सोसायटी नसते: इंग्लंडमधल्या गल्लीतल्या घराबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या आमच्या जुन्या गल्लीबद्दल थोडंसं लिहिलं होतं. चौदा घरांची, एका टोकाला बंद असलेली गल्ली, तिकडे अशा गल्लीच्या नावात बरेचदा 'क्लोज' असतं. अकरा वर्षं तिथे राहून आम्ही नौपाड्यात परत आलो त्याला आता बराच काळ झाला, पण त्या चार ओळी वाचून ठाण्यातून आणि नवी मुंबईतून इतके प्रश्न आले की हा महिना सगळा त्यालाच दिला. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

नेरूळहून एक काका लिहितात: ताई नमस्कार. मुलाने लीड्समध्ये टेरेस्ड हाउस घेतलंय. फोटो बघितले तर आमच्या सिडकोच्या रो हाउससारखंच दिसतं, एकाला एक चिकटून. तो म्हणतो बाबा इथे सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, मेंटेनन्स नाही. मग गळती लागली, कंपाउंड पडलं तर बघायचं कोणी? आणि घर फ्रीहोल्ड आहे म्हणतो म्हणजे नक्की काय?

काका, तुम्ही रो हाउसवाले म्हणून तुम्हाला हे लवकर समजेल. टेरेस म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते, तिकडे टेरेस म्हणजे घरांची सलग रांग, मधली भिंत दोघांची. फ्रीहोल्ड म्हणजे घर आणि खालची जमीन दोन्ही तुमच्या मुलाची. नवी मुंबईत सिडको जमीन साठ वर्षांच्या लीजवर देते ना, तसा प्रकार तिकडे मुख्यतः फ्लॅटना असतो, ९९ वर्षं, १२५ वर्षं, कुठे कुठे तर ९९९ वर्षं. लीजची ८० वर्षांपेक्षा कमी उरली की ती वाढवून घेणं महाग पडत आलंय, त्यामुळे पुढे कधी फ्लॅट बघितला तर आधी किती वर्षं उरलीत ते विचारायला सांगा. फ्लॅटला सर्व्हिस चार्जही असतो. मुलाच्या घराला यातलं काही लागू नाही.

पण सोसायटी नाही याचा अर्थ खर्च नाही असा अजिबात नाही. छपराचं कौल सरकलं, पन्हळीत पानं अडकून पाणी भिंतीत मुरलं, घर गरम ठेवणारा बॉयलर गेला, सगळं त्यालाच बघायचंय, सिंकिंग फंड नाही की जनरल बॉडी मीटिंग नाही. मी ओळखीच्या मुलांना सांगते की आपल्याकडे जेवढा मेंटेनन्स भरला असता तेवढे पैसे दर महिन्याला वेगळे ठेवा, कारण छप्पर कधी सांगून गळत नाही. शिवाय काउन्सिल टॅक्स असतो, काउन्सिल म्हणजे तिकडची महापालिका. घरांचे ए ते एच असे आठ बँड आहेत आणि गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये ते अजूनही १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय होती यावर ठरतात, घर कालपरवा बांधलेलं असलं तरी तेव्हा असतं तर किती किमतीचं असतं असा हिशोब. साधारणपणे वर्षाचे दहा हप्ते पडतात. हा टॅक्स मालक नाही, घरात राहणारा भरतो, म्हणजे भाडेकरूही भरतो, आणि घरात एकच मोठं माणूस असेल तर पंचवीस टक्के सूट मिळते पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. एकट्याने राहणाऱ्या किती मुलांना हे माहीतच नसतं!

मधल्या भिंतीला हात लावायचा असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे, काम सुरू करायच्या दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. आणि कुंपण. डावीकडचं कुंपण तुझं, उजवीकडचं शेजाऱ्याचं असं तिकडची माणसंसुद्धा ठामपणे सांगतात, पण असा काही नियम नाही. ते घराच्या कागदपत्रांत लिहिलेलं असेल तर असतं, नाहीतर दोघांनी बोलून ठरवायचं. मागच्या अंगणात साधारण दोन मीटरपर्यंतच्या कुंपणाला परवानगी लागत नाही. तुमच्या मुलाला म्हणावं वारा येऊन कुंपण पडायच्या आधी शेजाऱ्याशी ओळख करून घे.

घोडबंदर रोडहून एक आई: मुलगी आणि जावई मँचेस्टरला जुन्या घरात भाड्याने राहतात. बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी आलीय. घरमालक म्हणतो तुमचं जेवण आणि कपडे वाळत घालणं याच्यामुळे होतंय, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार. मुलगी घाबरलीय, तिला वाटतं तक्रार केली तर घराबाहेर काढतील. खरंच जेवणामुळे होतं का हो?

ताई, थोडं होतं आणि बरंचसं होत नाही. त्यामुळे आधी बुरशी कुठली आहे ते ओळखायला हवं, मुलीला फोनवर हे विचारा.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला ओल येते ती बाहेरून. तिकडे हिवाळ्यात ओल आतूनही येते. घरातली गरम दमट हवा थंडगार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना अगदी तसं, आणि त्या पाण्यावर बुरशी धरते. मँचेस्टरची ती जुनी लाल विटांची घरं, त्यातली बरीच व्हिक्टोरियन काळातली, त्यांच्या भिंती भरीव असतात, मधे पोकळी नसते, पोकळी ठेवायची पद्धत १९२० नंतर रुळली. म्हणून बाहेरची थंडी सरळ आत येते आणि कोपरा, खिडकीच्या कडा, कपाटामागची भिंत इथे आधी काळं पडतं. अशी बुरशी असेल तर मुलीच्या हातात बरंच आहे. कपडे बेडरूममध्ये रेडिएटरवर वाळवू नका, बाथरूममध्ये दार लावून पंखा चालू ठेवून वाळवा. भात, वरण झाकण ठेवून शिजवा. स्वयंपाकघरातला पंखा हवा खरंच बाहेर टाकतो का बघा, काही पंखे नुसती गाळून परत घरातच सोडतात. खिडकीच्या वरच्या चौकटीत एक छोटी फट असते तिला ट्रिकल व्हेंट म्हणतात, थंडी वाजते म्हणून आपले लोक ती बंद करून टाकतात, ती उघडी हवी. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. सकाळी काचेवरचं पाणी पुसा. आणि हीटिंग दिवसभर बंद ठेवून रात्री दोन तास जोरात लावण्यापेक्षा थोडं थोडं पण सारखं ठेवलेलं बरं, बिल बघून मुलांचा हात आखडतो हे मला माहितीय, आम्हीही पहिली दोन वर्षं तेच केलं आणि धाकट्याचा खोकला मार्चपर्यंत गेला नाही.

पण डाग खालच्या मजल्यावर जमिनीपासून वर चढत आला असेल, किंवा पाऊस पडल्यावर मोठा होत असेल, तर ते जेवणामुळे नाही, ते छप्पर, पन्हळ किंवा पाया. आणि ते काम घरमालकाचं. १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यातल्या कलम ११ नुसार घराचा ढाचा, बाहेरची बाजू, पाण्याची आणि हीटिंगची व्यवस्था नीट ठेवणं ही त्याचीच जबाबदारी आहे, आणि घर राहण्यालायक नसेल तर भाडेकरू थेट कोर्टात जाऊ शकतो असा २०१८ चा कायदा आहे. रॉचडेलला, मँचेस्टरच्या शेजारीच, २०२० साली दोन वर्षांचं एक मूल घरातल्या बुरशीमुळे गेलं. आईवडील वारंवार तक्रार करत होते आणि त्यांनाही तुमच्या राहणीमुळे होतंय असंच ऐकवलं गेलं होतं. त्या बाळाच्या नावाने पुढे कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून काउन्सिलच्या आणि हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थांच्या, घरांना ठरावीक मुदतीत दुरुस्ती बंधनकारक झाली. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. एवढंच की 'तुमच्या जेवणामुळे' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका, मला त्या वाक्याचा फार राग येतो.

तक्रार लेखीच करायची, ईमेलवर, तारखेचे फोटो लावून. मालकाने दाद दिली नाही तर तिथल्या काउन्सिलचा एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभाग येऊन घर बघतो. बाहेर काढतील ही भीती आधी खोटी नव्हती, कुठलंही कारण न देता घर खाली करायला सांगणारी नोटीस मालकांच्या हातात होती, पण १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये ती रद्द आहे, मालकाला आता कायद्यातलं कारण दाखवावं लागतं. राहिलं डिपॉझिट. वर्षाचं भाडं पन्नास हजार पाउंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही आणि मालकाने ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित नोंदवायचं असतं. मुलीला विचारा त्या योजनेचं पत्र आलं होतं का. नसेल आलं तर उलट मालकच अडचणीत आहे. वाद झाला तर ती योजनाच दोघांचं ऐकून निकाल देते, पैसे पडत नाहीत, म्हणून घरात शिरतानाचे फोटो जपून ठेवायला सांगा.

ऐरोलीहून एक जोडपं: आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा जातोय, लेकीचं बाळंतपण आहे. घर छोट्याशा वस्तीत आहे. ती व्हिडिओ कॉलवर रस्ता दाखवते तर माणूस दिसत नाही, आवाज नाही, सगळे पडदे बंद. इथे सकाळी दूधवाल्यापासून बेल वाजायला लागते. सहा महिने कसे जायचे? ही आत्तापासूनच धास्तावलीय.

वहिनींना सांगा, मी समजू शकते. आमच्या पहिल्या वर्षी मी आठ महिने शेजारच्या आजींचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांना आपण नको आहोत असं मी मनाशी धरून बसले होते. मग जानेवारीत एका सकाळी बॉयलर बंद, घरात बाळ, नवरा कामाला गेलेला, आणि मी रडत दारात उभी. आजी समोरून बघत होत्या. कोट चढवून आल्या, घराच्या मागे गेल्या, बॉयलरची एक पांढरी प्लास्टिकची नळी बाहेर येते ती गोठली होती, तिच्यावर कोमट पाणी ओतलं, उकळतं नाही हां, उकळत्याने नळी तडकते, आणि आत येऊन रीसेटचं बटण दाबलं. पाच मिनिटांत घर गरम. मग म्हणाल्या की मी गेले कित्येक महिने तुला हाक मारावी म्हणत होते पण तुला त्रास नको म्हणून थांबले. बघा, दोन्हीकडे तीच अडचण. तिकडे न विचारता कोणाच्या घरात डोकावणं हा आगाऊपणा समजतात, आपल्याकडे न डोकावणं हा माणूसघाणेपणा समजतात. म्हणून पहिल्या आठवड्यात तुम्हीच दोन्ही बाजूंची दारं वाजवा, संध्याकाळी सहाच्या आत, लेकीला बरोबर घेऊन, बाळ येणार आहे, रात्री रडेल, आधीच सांगून ठेवतो, एवढंच बोला. हे वाक्य मराठीतून इंग्रजीत जमेल तसं बोललात तरी चालेल.

ऑक्टोबर म्हणजे दिवस लहान होत जाणार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, आपल्याकडे तेव्हा तलावपाळीवर फिरायला कोणी निघालेलंही नसतं. म्हणून फिरणं सकाळी दहा-अकराला उरका, पाऊस असला तरी, तिकडचा पाऊस आपल्यासारखा झोडपत नाही, भुरभुरतो. सार्वजनिक लायब्ररीत बसायला पैसे पडत नाहीत, लहान मुलांच्या गाण्यांचे तास बऱ्याच लायब्ररीत असतात आणि नातवंडांना घेऊन आलेले आजीआजोबा तिथे हमखास भेटतात. चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एखादी सकाळ चहाकॉफीची असते, तिथे कोणी धर्म विचारत नाही. बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा, बाहेर काढायचं काम काकांनी घ्यावं. सांगतेय ते खरंच, कारण कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाची बिन हे काउन्सिलचं कॅलेंडर असतं आणि निम्मी गल्ली ते न बघता शेजाऱ्याने कुठली काढलीय ते बघून आपली काढते. रात्री बिन ओढताना जी दोन वाक्यं होतात त्यातूनच आमच्या क्लोजमधली सगळी ओळख झाली.

घरातल्या दोन गोष्टी मात्र आधीच ऐकून ठेवा. बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते, मोरी नसते. बाथरूम बहुतेक वर असतं, जमीन लाकडाची, आपण सवयीने बादलीने पाणी ओतलं की ते खालच्या स्वयंपाकघराच्या छतातून टपकतं, माझ्या सासूबाईंचं पहिल्याच दिवशी झालं आणि बिचाऱ्या नंतर महिनाभर अंघोळीला घाबरायच्या, आधी सांगितलं नाही ही चूक माझी होती. दुसरं, फोडणी. मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो, स्वयंपाकघराचं दार लावून आणि पंखा लावून मगच मोहरी टाका, अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका, ते जिवाचं काम आहे.

आणि इन्शुरन्स न घेता जाऊ नका. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिनेच राहता येतं, तेवढ्यात जीपीला, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरला, दाखवणं फुकट, अपघात विभागात बघणंही फुकट, पण हॉस्पिटलात दाखल केलं की बाहेरून आलेल्यांकडून तिकडच्या दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के घेतात. अर्जंट नसेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९, दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा.

वर्तकनगरहून: मुलगा म्हणतो इथे दिवाळीत फटाके नको, पोलिस येतात. खरं का?

एरवी रात्री अकरा ते सकाळी सातपर्यंत फटाक्यांना बंदी आहे हे खरं. पण दिवाळीच्या रात्री कायद्यानेच एक वाजेपर्यंत सूट आहे, ३१ डिसेंबर आणि चिनी नववर्षालाही तेवढीच, ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला मात्र बारापर्यंत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, आपला सण तिकडच्या नियमात नावानिशी लिहिलेला आहे. तरी रस्त्यावर फटाके उडवायचे नाहीत, मागच्या अंगणात, आणि दोन दिवस आधी शेजारच्या दारांतून चिठ्ठी टाकायची कारण कुत्री फार घाबरतात. गणपतीचं विसर्जन शाडूची मूर्ती आणून घरीच बादलीत करा, ते पाणी बागेत घाला.

खारघरहून: नातू चार वर्षांचा होईल, घर बदलायचं म्हणतात फक्त शाळेसाठी. एवढं गरजेचं आहे का?

हो, बऱ्याच वेळा आहे. सरकारी शाळेत डोनेशन नाही, इंटरव्ह्यू नाही, पण जागा कमी पडल्या की बहुतेक ठिकाणी आधी भावंडं आणि मग शाळेपासून घराचं अंतर बघतात, आणि लहान वर्गात एका शिक्षकामागे तीसच मुलं घेता येतात. मूल चार वर्षांचं झालं की त्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शनचा, म्हणजे शाळेतला अगदी पहिला, वर्ग सुरू होतो. त्याचा अर्ज आधीच्या १५ जानेवारीपर्यंत काउन्सिलकडे जायला हवा, निकाल १६ एप्रिलच्या सुमाराला. ही तारीख चुकली की लांबची शाळा मिळते आणि मग रोज सकाळी पावसात बस. चांगल्या शाळेजवळची भाडी चढी असतात ती याच कारणाने. घर बघताना गेल्या वर्षी शेवटचं मूल किती अंतरावरून घेतलं तो आकडा काउन्सिलकडे मागायला सांगा.

सानपाड्याहून: तिकडे घरासमोर शेजारी गाडी लावतो, भांडावं का?

नको. रस्त्यावरची घरासमोरची जागा कोणाचीच नसते. तुमच्या गाडीच्या आतबाहेर जायच्या उतारावर लावली तर गोष्ट वेगळी, तेव्हा काउन्सिलला कळवता येतं.

कळव्याहून एक मावशी: भाचीकडे चाललेय. रविवारी दुकानं बंद असतात असं ऐकलं, आणि शेजाऱ्यांना द्यायला इथून काय नेऊ? पेढे चालतील?

मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या मधले, १९९४ चा कायदा आहे. कोपऱ्यावरचं छोटं दुकान मात्र उशिरापर्यंत चालू असतं, दूध-ब्रेड तिथे मिळतं.

पेढे नेऊ नका मावशी, बर्फी नको, घरचं साजूक तूपही नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि मग फार वाईट वाटतं. ताजा कढीपत्ताही नको. चकली तेलातली करून न्या, पण डब्यावर आत काय काय आहे ते इंग्रजीत लिहा, तीळ आणि दाणे बऱ्याच जणांना सोसत नाहीत. आणि राम मारुती रोडला दिवाळीआधी घडीचे आकाशकंदील येतात ना, ते तीनचार न्या, सुटकेसमध्ये सपाट बसतात. एक भाचीच्या पुढच्या खिडकीत लावा. आमच्याकडे तो दिवाळीला लागला की नाताळपर्यंत तसाच राहायचा, काढायला गेले तेव्हा शेजारच्या आजींनीच थांबवलं होतं, म्हणाल्या रात्री उठले की मला तो दिसतो, राहू दे.